आधी रुग्ण कुठे पाहतो ते पाहा

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

परवा गोदाघाटावरून परतताना तू विचारलेस, की भेदरलेले चेहरे पाहताना स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे भीतीशी जोडला जाणारा छोटा भाग, स्कॅनरमध्ये कमी उजळला, तर त्यांना भीती कमी जाणवते असे प्रबंधात लिहावे का. लिहू नकोस. आधी रुग्ण कुठे पाहतो ते पाहा.

एस. एम. या रुग्णेविषयी तू वाचले आहेस. दुर्मिळ आजाराने दोन्ही बाजूंचा अमिग्डाला नष्ट झालेल्या या बाईला चेहऱ्यावरची भीती ओळखता येत नाही, हे १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि भीतीचे केंद्र सापडले असे समजून आम्ही निर्धास्त झालो. २००५ मध्ये तिची नजर मोजली गेली, तेव्हा ती समोरच्या चेहऱ्याच्या डोळ्यांकडे पाहतच नाही असे आढळले. 'डोळ्यांकडे पाहा' असे सांगताच तिला भीती ओळखू आली, मात्र ते पुन्हा पुन्हा सांगावे लागे. पुढे २०१३ च्या प्रयोगात, पस्तीस टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा श्वासावाटे आत जाताच तीच बाई घाबरून कासावीस झाली. मग कोणते केंद्र आणि कोणती भीती? स्कॅनर तर रक्तातल्या प्राणवायूचा चढउतार टिपतो, भीती नव्हे.

मी हे इतक्या आग्रहाने का सांगतो? दिंडोरीकडच्या एका बाईंच्या केसपेपरवर मी 'भावना बोथट' असे लिहिले होते आणि परिषदेत तसेच मांडलेही होते. त्यांचे यजमान दोनदा म्हणाले, "डॉक्टर, गोळ्या सुरू झाल्यापासून चेहरा असा झालाय." मी ऐकले नाही. तो ताठरपणा माझ्याच औषधाचा होता. मात्रा कमी केल्यावर त्या नातवाविषयी बोलताना हसल्या. मधले आठ महिने वाया गेले, ते मला कोणी परत दिले नाहीत, त्यांना तर नाहीतच.

त्यानंतर, नजरेची नोंद नसलेल्या एकाही प्रकल्पावर मी सही केली नाही. सहकारी मला अडेल म्हणत, निधी दुसरीकडे गेला, दोन विद्यार्थीही गेले. त्याचे वाईट वाटते, पण सही न केल्याचे वाटत नाही. तुझे मार्गदर्शक घाई करतात हे मला समजते. तरी नजर टिपणारा कॅमेरा मिळेपर्यंत थांब, औषधांची मात्रा प्रत्येकाची लिहून घे, आणि स्कॅनरमधून बाहेर आल्यावर काय वाटले ते रुग्णाच्याच शब्दांत उतरव. गुरुवारी पहिल्या पाच जणांच्या नोंदी घेऊन ये, आलेख राहू दे.