ताप दोन दिवसांचा, पण डोकं अजून जड

प्रश्न : मी ४१ वर्षांची, पतसंस्थेत कॅशिअर आहे. आठ महिन्यांपूर्वी कोविड झाला, ताप दोनच दिवस होता, घरीच बरी झाले. पण तेव्हापासून बोलता बोलता साधा शब्द आठवत नाही, नोटा मोजताना मध्येच आकडा सुटतो मग परत पहिल्यापासून, परवा तर कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या तेच कळेना. सासूबाई म्हणतात उगाच टेन्शन घेतेस. मला स्मृतिभ्रंश तर होत नाहीये ना?

उत्तर : ताई, आधी हे ऐका, हे तुमच्या मनाचे खेळ नाहीत. फक्त ताप किती आला यावर नंतरचा त्रास ठरत नाही, घरीच बरे झालेल्या खूप जणांना हे झालंय, याला ब्रेन फॉग म्हणतात. इंग्लंडमध्ये लाखाहून जास्त लोकांच्या स्मरणशक्तीच्या आणि विचारशक्तीच्या ऑनलाइन चाचण्या घेतल्या, २०२४ मध्ये निष्कर्ष आले, ज्यांची लक्षणं रेंगाळली होती त्यांचे गुण कोविड न झालेल्यांपेक्षा साधारण ६ आयक्यू पॉइंटांइतके कमी भरले. पण त्यातच दिलासाही आहे, ज्यांची रेंगाळलेली लक्षणं नंतर निघून गेली त्यांच्यात हा फरक बराच कमी दिसला. शब्द अडकणं, लक्ष उडणं एवढ्यावरून स्मृतिभ्रंश ठरत नाही.

तरी सगळं कोविडवर ढकलून गप्प बसू नका. हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी१२, शुगर तपासून घ्या, आपल्याकडे बायकांमध्ये बी१२ आणि लोह कमी असणं फार कॉमन आहे आणि त्यानेही असंच होतं. झोप कशी आहे, घोरता का, कुठली गोळी चालू आहे का, मन सारखं उदास असतं का, हेही डॉक्टरांना सांगा.

आणि ताई, जोर लावून काम उरकू नका. एखाद्या दिवशी बरं वाटलं की साठलेलं सगळं उपसायचं आणि मग दोन दिवस आडवं पडायचं, हे तुमचं होत असेल तर तिथेच थांबा, थकवा यायच्या आधी बसा, व्यायामही हळूहळूच वाढवा. कॅशचं काम सकाळी डोकं ताजं असताना करा, शंभर नोटा झाल्या की आकडा कागदावर लिहा, शेवटची मोजणी सहकाऱ्याला करायला सांगा. कुकरला मोबाईलचा टायमर लावा. मात्र अचानक बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडला तर तो ब्रेन फॉग नव्हे, त्याच मिनिटाला हॉस्पिटल गाठा.