मित्र बोलेनासा झालाय

प्रश्न : ताई, मी आणि माझा मित्र सदाशिव पेठेत एकाच खोलीवर राहून एमपीएससीचा अभ्यास करतो. राज्यसेवेची पूर्व परीक्षा त्याची पुन्हा थोडक्यात हुकली. महिना होत आला, तो अभ्यासिकेत येत नाही. मेसचा डबा तसाच परत जातो. घरून फोन आला की ‘अभ्यास चाललाय’ म्हणून ठेवून देतो. समजावायला गेलो की तोंडावर पांघरूण घेतो. काय बोलू? – एक वाचक, पुणे

उत्तर : समजावणं आधी थांबव. ‘पुढच्या वेळी नक्की’, ‘अमक्याला सहाव्या अटेम्प्टला पोस्ट मिळाली’ हे त्यानं क्लासमध्ये, घरी, चहाच्या टपरीवर पुष्कळ ऐकलंय. आपलं दुःख कुणाला ऐकायचंच नाही, एवढंच त्यातून त्याच्यापर्यंत पोचतं.

रात्री त्याला टिळक रस्त्यानं सारसबागेपर्यंत चालायला ने. शेजारून चालताना नजरेला नजर द्यावी लागत नाही, जीभ सुटते. तुला दिसलं तेवढंच सांग : ‘डबा परत जातोय, रात्रभर तू जागा असतोस. मला काळजी वाटते.’ मग गप्प राहा. तो बोलला नाही तरी ती शांतता तू भरू नकोस. ‘वडिलांनी माझ्यासाठी कर्ज काढलंय’ असं निघालं, तर ‘सगळ्यांचंच तसं असतं’ म्हणू नकोस. ‘ते सारखं डोक्यात असतं का?’ असं विचार आणि ऐकत राहा.

एक प्रश्न मात्र तुला भीती वाटली तरी विचारायचाच : ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्यानं तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. बरेचदा माणसाला हायसं वाटतं. ‘हो’ म्हणाला तर काही ठरवलंय का, तेही विचार. ठरवलं असेल तर त्याला क्षणभरही एकटं सोडू नकोस, ११२ला फोन कर किंवा थेट रुग्णालयात ने. ‘कुणाला सांगू नको’ अशी शपथ त्यानं घातली तरी ती मोडायची. बहीण, मामा, ज्याच्याशी त्याचं पटतं त्याला लगेच कळव.

१४४१६ हा ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा सरकारी क्रमांक २०२२पासून सुरू आहे. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. मित्रासाठी तूही तिथे फोन करून सल्ला घेऊ शकतोस. झोप, भूक दोन आठवड्यांहून जास्त बिघडली की डॉक्टरला दाखवायला हवं, आणि इथे महिना झालाय. ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. ‘जाऊन ये’ म्हणू नकोस, सोबत जा. केसपेपरच्या रांगेत तू उभा राहा. आत्ता त्याच्यात तेवढंही बळ नसेल.