रक्ताचं सॅम्पल वारंवार हिमोलाइज होतं, पोटॅशियम उगाच जास्त येतं. रक्त काढताना आणि हाताळताना नेमकं काय पाळायचं?

तुम्ही लॅबमध्ये नव्याने लागला आहात, काही सॅम्पल ‘हिमोलाइज्ड’ (म्हणजे तांबड्या पेशी फुटलेलं) असा शेरा मारून परत येतात, कधी पोटॅशियम भलतंच वाढलेलं दिसतं आणि पुन्हा रक्त घेतलं की नॉर्मल निघतं. शिवाय सुई स्वतःला टोचली तर काय, ही भीती आहेच. तिन्हींचं उत्तर देतो.

हिमोलाइज झालेलं सॅम्पल निदान पकडलं तरी जातं. बल्ब (रक्त भरायची नळी) सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला की सीरम (गोठलेल्या रक्तापासून वेगळा होणारा द्रव) पिवळसर दिसण्याऐवजी गुलाबी-लाल दिसतं आणि कुणीतरी थांबतं. घातक असतं ते दिसायला स्वच्छ आणि आतून खोटं सॅम्पल, कारण मशीन त्याचा आकडा निमूटपणे छापून देतं. म्हणून बहुतेक नियम त्या न दिसणाऱ्या चुकांसाठी आहेत हे धरून पुढचं वाचा.

आधी हिमोलिसिस. तांबड्या पेशीच्या आत पोटॅशियमचं प्रमाण बाहेरच्या प्लाझ्मापेक्षा (रक्ताच्या द्रव भागापेक्षा) वीसपटीहून जास्त असतं. थोड्या पेशी फुटल्या तरी पोटॅशियम चढतं, आणि सोबत एलडीएच व एएसटी ही पेशींतली एन्झाइमंही. पेशी फुटतात त्या बहुतेक वेळा काढणाऱ्याच्या हातून. स्पिरिट वाळायच्या आत सुई घातली, फार बारीक सुई वापरली, सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढला, बल्ब सावकाश उलटा-सुलटा करण्याऐवजी खळखळून हलवला, किंवा शीर सापडत नाही म्हणून आतल्या आत सुई फिरवत बसलात, की झालं. मोठ्या माणसाला २१ गेजची सुई हा पहिला पर्याय. शिरा बारीक असतील तर २३ गेजची बटरफ्लाय (पंखांची, लांब नळी जोडलेली सुई) चालते. त्याहून बारीक सुईतून व्हॅक्यूमच्या ओढीने रक्त आलं तर पेशींवर ताण वाढतो.

बरीच सॅम्पल मात्र सिरिंजमधून बल्बमध्ये भरताना बिघडतात. सुई तशीच ठेवून बल्बच्या रबरी झाकणात खुपसायची आणि दट्ट्या दाबायचा, ही सवय दोन्हीकडून वाईट आहे. दाबाने पेशी फुटतात, आणि एका हातात बल्ब, दुसऱ्या हातात उघडी सुई असल्याने बोटात सुई जाण्याची ही नेमकी वेळ. ट्रान्सफर डिव्हाइस (सिरिंजमधून बल्बमध्ये सुईशिवाय रक्त सोडायचं साधन) असेल तर ते लावा आणि बल्बमधल्या व्हॅक्यूमलाच रक्त ओढू द्या, दट्ट्याला हात लावू नका. नसेल तर सुई आधी शार्प्सच्या डब्यात काढून टाका (एका हाताने, डब्यावरच्या खाचेत अडकवून), बल्ब स्टँडमध्ये उभा ठेवा, झाकण उघडा आणि रक्त काचेच्या कडेने हळूच सोडा. शेवटचा फेस ढकलू नका.

आता हिमोलिसिस नसताना वाढणारं पोटॅशियम. इथे संशयित चार-पाच आहेत. पहिला, मूठ. ‘मूठ उघडा, बंद करा, उघडा, बंद करा’ असं आपण सर्रास सांगतो. टूर्निकेट (दंडावरचा पट्टा) बांधलेलं असताना स्नायूंची अशी हालचाल झाली की पोटॅशियम लिटरमागे १ ते २ मिलिमोलपर्यंत चढू शकतं. एकदा हलकी मूठ मिटायला सांगा, तेवढं पुरे. रक्त येऊ लागलं की ती सोडायला सांगा. दुसरा संशयित ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन. जांभळ्या झाकणाच्या बल्बमध्ये ईडीटीएचा पोटॅशियम क्षार असतो. तो थोडासा जरी सीरमच्या बल्बमध्ये गेला तर पोटॅशियम वाढतं, आणि ईडीटीए कॅल्शियम बांधून घेत असल्याने कॅल्शियम घसरतं, अल्कलाइन फॉस्फटेसही खाली येतं. पोटॅशियम वर आणि कॅल्शियम खाली अशी जोडी दिसली तर पेशंटवर उपचार सुरू होण्याआधी बल्बवर संशय घ्या. जांभळ्या बल्बमधलं रक्त ‘थोडं जास्त झालं’ म्हणून लाल बल्बमध्ये ओतणं हे तर कधीच नाही.

तिसरा संशयित फ्रिज. न फिरवलेलं सॅम्पल ‘खराब होऊ नये’ म्हणून फ्रिजमध्ये ठेवलं की पेशीभित्तीतला सोडियम-पोटॅशियम पंप थंडीने मंदावतो आणि पोटॅशियम बाहेर झिरपतं. पेशी फुटलेल्या नसतात, त्यामुळे सीरम अगदी स्वच्छ दिसतं. सीरम दोन तासांच्या आत पेशींपासून वेगळं करा, मग फ्रिजमध्ये ठेवा. चौथा, जेलचा बल्ब (ज्यात जेलचा थर सीरम आणि पेशी वेगळ्या ठेवतो) दुसऱ्यांदा फिरवणं. जेलखाली अडकलेल्या द्रवात पेशींतून सुटलेलं पोटॅशियम साठलेलं असतं, पुन्हा फिरवलं की ते वर येतं. आणि पेशंटचे प्लेटलेट फारच जास्त असतील तर रक्त गोठतानाच त्यांच्यातून पोटॅशियम सुटतं. अशा वेळी हेपरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) बल्बमध्ये प्लाझ्मा घेऊन तपासणी करावी लागते.

ईडीटीएमुळेच बल्बांचा क्रम ठरलेला आहे. ब्लड कल्चर सगळ्यात आधी, मग फिकट निळ्या झाकणाचा सायट्रेट, मग सीरमचे लाल किंवा पिवळ्या झाकणाचे, मग हिरवा हेपरिन, मग जांभळा ईडीटीए आणि शेवटी राखाडी फ्लोराइड. पाठ करायला लागलात तर विसराल. कारण लक्षात ठेवा. कल्चर आधी, कारण निर्जंतुक बाटलीत दुसऱ्या बल्बचं काही जायला नको. सायट्रेट त्यानंतर, कारण सीरमच्या बल्बमधला क्लॉट ॲक्टिव्हेटर (रक्त लवकर गोठवणारा पदार्थ) चुकून शिरला तर गोठण्याच्या वेळा बदलतात. ईडीटीए आणि फ्लोराइड शेवटी, कारण त्यांतले क्षार इतरांची रसायनं बिघडवतात. भरताना बल्ब हाताच्या पातळीच्या खाली, तोंड वर असा धरा, म्हणजे आतलं औषध उलटं सुईकडे येत नाही.

सायट्रेटच्या बल्बबाबत मी जरा हट्टी आहे. त्यात नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट असं प्रमाण बांधलेलं असतं. खुणेपर्यंत भरला नाही तर सायट्रेट जास्त पडतं, पीटी आणि एपीटीटी (रक्त गोठण्याच्या वेळा) खोट्याच लांबतात, आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा डोस त्या आकड्यावर बदलला जातो. बटरफ्लाय वापरत असाल तर नळीतली हवा पहिल्या बल्बमध्ये जाते आणि तेवढं रक्त कमी भरतं. म्हणून सायट्रेट पहिला असेल तेव्हा आधी एक टाकाऊ बल्ब लावून नळी रक्ताने भरून घ्या. शॉर्ट सॅम्पल ‘चालवून घ्या’ असं कुणी म्हणालं तरी चालवू नका.

बल्ब भरल्याबरोबर पुढचा लावायच्या आधी उलटा-सुलटा करा: सायट्रेट ३ ते ४ वेळा, क्लॉट ॲक्टिव्हेटरचा ५ वेळा, हेपरिन, ईडीटीए आणि फ्लोराइड ८ ते १० वेळा. मनगट पूर्ण फिरवून, सावकाश. ईडीटीए नीट मिसळला नाही तर बारीक गुठळ्या होतात आणि प्लेटलेट खोटे कमी येतात. प्लेटलेट अनपेक्षित कमी दिसले तर स्मिअरवर (काचपट्टीवर पसरलेल्या रक्ताच्या थरात) गुच्छ आहेत का बघा. काहींच्या रक्तात ईडीटीएमुळेच प्लेटलेट एकमेकांना चिकटतात. मग सायट्रेटमध्ये पुन्हा घेऊन येणाऱ्या आकड्याला १.१ ने गुणायचं.

साखरेचं सॅम्पल साध्या बल्बमध्ये तसंच राहिलं तर पेशी तासाला सुमारे ५ ते ७ टक्के ग्लुकोज खाऊन टाकतात. फ्लोराइड हे थांबवतं, पण लगेच नाही. ते ग्लुकोज मोडण्याच्या साखळीतल्या पुढच्या टप्प्यावरच्या एनोलेज या एन्झाइमला अडवतं, त्यामुळे पहिला तास-दोन तास थोडी घसरण चालूच राहते. राखाडी बल्ब आहे म्हणून तो दिवसभर टेबलावर पडू देऊ नका.

सीरमचा बल्ब उभा ठेवून किमान ३० मिनिटं गोठू द्या. पेशंट हेपरिन किंवा वॉरफरिनवर असेल तर आणखी. घाईने फिरवलात तर सीरममध्ये फायब्रिनचे धागे राहतात आणि मशीनच्या सुईत अडकतात. अमोनिया आणि लॅक्टेटची सॅम्पल बर्फात, बिलिरुबिनचं उजेडापासून झाकून, क्रायोग्लोब्युलिनचं (थंडीत साकळणाऱ्या प्रथिनांचं) ३७ अंशांवर.

रक्त काढण्याची कृती तुम्हाला शिकवली असेलच, तरी जिथे गडबड होते तेवढं सांगतो. नाव विचारताना ‘तुम्ही अमुकच ना?’ असं विचारू नका. तापात असलेला किंवा कमी ऐकू येणारा माणूस कशालाही हो म्हणतो. ‘पूर्ण नाव सांगा, जन्मतारीख सांगा’ असं विचारा आणि कागदाशी ताडून पाहा. लेबल रक्त काढल्यानंतर, पेशंटसमोरच लावा. आधीच लेबल लावून ठेवलेले बल्ब दुसऱ्याच्या रक्ताने भरले जातात, आणि रक्तगटाच्या सॅम्पलमध्ये हे झालं तर जिवावर बेततं. ही चूक कुठलंही मशीन पकडत नाही.

टूर्निकेट टोचायच्या जागेपासून ७ ते १० सेंटिमीटर वर, आणि एका मिनिटाच्या आत सुटलं पाहिजे. शीर शोधण्यातच वेळ गेला तर सोडा, दोन मिनिटं थांबा, पुन्हा बांधा. जास्त वेळ आवळून ठेवलं तर पाणी शिरेबाहेर जातं आणि प्रथिनं, कॅल्शियम, कोलेस्टेरॉल, पेशी सगळंच दाट दिसतं. कोपराच्या खळग्यातली मधली शीर पहिली पसंत, मग अंगठ्याच्या बाजूची. करंगळीच्या बाजूची अगदी शेवटी, कारण तिच्या जवळून धमनी आणि नस (नर्व्ह) जाते. बोटाखाली लवचिक लागते ती शीर, कडक दोरी लागते ती स्नायूची कंडरा, आणि ठोके लागले तर तिथे अजिबात जाऊ नका. सलाइन चालू असलेला हात, डायलिसिसचा फिस्टुला (धमनी-शिरेचा जोड) असलेला हात, आणि स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढलेली बाजू टाळा.

७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आपोआप वाळू द्या, फुंकू नका, आणि पुसल्यावर ‘एकदा बघू’ म्हणून पुन्हा बोट लावू नका. अंगठ्याने कातडी जागेच्या खाली ताणा, म्हणजे शीर निसटत नाही. वर दुसरं बोट ठेवून ताणू नका. सुई त्याच बोटात जाते. सुईचं तिरकं तोंड वर, कोन १५ ते ३० अंश. पेशंट ‘करंट बसला’ म्हणाला किंवा बोटांपर्यंत झिणझिण्या गेल्या तर नसेला लागलंय, तत्काळ सुई काढा. लालभडक रक्त ठोक्यांनी आलं तर धमनी. सुई काढून किमान पाच मिनिटं घट्ट दाबा. टूर्निकेट नेहमी सुई काढायच्या आधी सोडा, नाहीतर गाठ येते. आणि कापूस ठेवून कोपर दुमडायला सांगण्याची पद्धत सोडा. हात सरळ ठेवून दोन-तीन मिनिटं दाबायचं. दुमडल्याने उलट काळं-निळं होतं. दोनदा प्रयत्न फसला तर दुसऱ्याला बोलवा, यात कमीपणा काही नाही.

सुईच्या भीतीबद्दल. बऱ्याच टोचण्या वापरलेल्या सुईला टोपण लावताना किंवा सुई इकडून तिकडे नेताना होतात. टोपण लावूच नका. शार्प्सचा डबा हाताशी, खुर्चीजवळ हवा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला नको, आणि तीन-चतुर्थांश भरला की बंद करा. प्रत्येक पेशंटला नवे ग्लोव्ह्ज. शीर नीट लागावी म्हणून बोटाचं टोक कापलेला ग्लोव्ह हा ग्लोव्हच नव्हे. सेंट्रिफ्यूजमध्ये बल्ब फुटला तर मशीन बंद करून झाकण अर्धा तास उघडू नका, आतले सूक्ष्म थेंब आधी बसू द्या.

तरीही टोचलंच तर साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. पिळू नका, तोंडात घालू नका, ब्लीच लावू नका. लगेच वरिष्ठांना सांगा आणि कुणाची सुई होती ते नोंदवा. पेशंट बाधित असेल तर एका टोचणीतून एचआयव्ही लागण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के आणि हेपॅटायटिस सीची साधारण २ टक्क्यांच्या आत. हेपॅटायटिस बीची मात्र, लस न घेतलेल्याला, ६ ते ३० टक्के. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं काही तासांत सुरू करायची, फार तर ७२ तासांच्या आत, आणि २८ दिवस घ्यायची. हेपॅटायटिस बीची लस ०, १ आणि ६ महिने अशा तीन डोसांत असते. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस (या लसीने तयार होणारी अँटिबॉडी) तपासा; मिलिलिटरला १० मिली-युनिट किंवा जास्त आलं तर लस लागू पडली. तुमचे डोस राहिले असतील तर उद्याचं पहिलं काम तेच करा.