ट्यूनरवर सुई बरोबर मध्यावर येते, तरी गुरुजी म्हणतात तानपुरा लागलाच नाही. नक्की कोणाचं खरं?

गुरुजींचं. फोन बाजूला ठेवा.

आमच्या घरात याच गोष्टीवरून बारा वर्षं वाद चालू आहे, म्हणून लिहितेय. वडिलांच्या एकसष्टीला घरगुती मैफल होती. पट्टी (गाण्याचा सा) काळी एक, मागे तानपुऱ्यावर मी, पेटीवर चुलतभाऊ, आमचा दादा. आतल्या खोलीत छान लावलेला तानपुरा हॉलमध्ये एसीखाली आणला आणि पंचम (प ची तार) हलला. मी सूर बारीक जुळवायचा तारेतला मणी सरकवत होते, तेवढ्यात दादानं भोपळ्याला फोन टेकवला. सुई मधोमध, हिरवा दिवा. "झालं की! आता किती कुरवाळशील त्याला?" पाहुणे हसले. तार छेडली तर पंचम जोडीवर (मधल्या दोन सा च्या तारांवर) डुलतोय, दोनेक सेकंदांत आवाजाचा एक हेलकावा. मी मणी आणखी केसभर सरकवला. डुलणं थांबलं. खर्ज (सगळ्यात खालच्या सा ची तार) छेडला तर त्यातला स्वयंभू गंधार (तारेतून आपोआप उमटणारा ग) इतका स्वच्छ आला की मागे बसलेल्या आत्यानं वाती वळायचं थांबवलं. आणि दादा काय म्हणाला? "गंधार उतरलाय तुझा."

अरे, गंधार उतरला नव्हता, तुझी पेटी चढी होती! पेटीचा गंधार तानपुऱ्यातल्या गंधारापेक्षा 14 सेंट वर असतो (शंभर सेंट म्हणजे पेटीवरच्या, काळ्या धरून, दोन शेजारच्या पट्ट्यांमधलं अंतर). तुमचं अ‍ॅपही पेटीच्याच मापानं मोजतं. पंचमात फरक जेमतेम 2 सेंटचा, पण तानपुऱ्यात तोच हेलकावा होऊन ऐकू येतो. दादाचे कान लहानपणापासून पेटीवर पोसलेले, त्यामुळे त्याला खरा गंधार उतरलेलाच वाटणार. तो सूर ऐकतो, मी डुलणं ऐकते. पेटीवाल्याला तानपुरा लावू देऊ नये, हे माझं मत तेव्हाही होतं, आजही आहे.

तुम्ही डोळे मिटून जोड लावा, मग पंचम. जवारीचा दोरा (घोडीवर तारेखाली सरकवतात तो) जागेवर नसेल तर आधी तो बघा, नाहीतर नुसतेच मणी सरकवत बसाल.

हां, षड्ज धरण्यापुरतं अ‍ॅप चालतं, मीही वापरते. आणि पेटी श्रुतींवर (तानपुऱ्यातल्या स्वरांसारखी) लावून घेतलेली असेल तर वरचं बरंचसं लागू नाही. दादाची तशी नाही.