‘स्टार ट्रेक’ मालिकेतील ‘द इनर लाइट’ या भागाची बलस्थाने आणि उणिवा कोणत्या?

‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या अमेरिकी विज्ञानकथा-मालिकेतील या भागाची होणारी वाहवा रास्त आहे का आणि त्यात खटकण्यासारखे काही आहे का, असे आपण विचारले आहे. मी कोल्हापुरात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो आणि हा भाग अनेकदा पाहिला आहे. वाहवा रास्त आहे, असेच माझे मत आहे. मात्र त्याची जी उणीव लोक नेहमी सांगतात, तिच्याहून मोठी एक उणीव मला दिसते.

१ जून १९९२ रोजी प्रसारित झालेल्या या भागाला पुढच्या वर्षी विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. एका अनोळखी शोधयानातून आलेल्या किरणामुळे ‘एंटरप्राइझ’ या अवकाशयानाचा कॅप्टन पिकार्ड बेशुद्ध पडतो आणि जागा होतो तो कटान ग्रहावरच्या रेसिक गावात. तिथे सगळे त्याला कामिन म्हणून ओळखतात आणि एलिन ही त्याची पत्नी असते. आधी धडपड करून, मग हळूहळू मान्य करून तो तिथे संसार करतो, मुले वाढवतो, नातवंड पाहतो, म्हातारा होतो. इकडे ‘एंटरप्राइझ’वर मात्र जेमतेम पंचवीस मिनिटे गेलेली असतात. कटान हजार वर्षांपूर्वीच नष्ट झालेला असतो आणि आपली आठवण कुणाजवळ तरी राहावी म्हणून तिथल्या लोकांनी ते शोधयान सोडलेले असते.

या भागाची खरी ताकद घरात आहे. एक अख्खी संस्कृती बुडते आहे, तरी कॅमेरा ओसरी, जेवण, बाळाचे बारसे आणि दुष्काळात जगवलेले चौकातले रोपटे यांवरून हलत नाही. एलिनच्या मृत्यूचा प्रसंग पाहा. शेवटच्या घटकेला ती नवऱ्याला जोडे जागेवर ठेवण्याची आठवण करते आणि तो तसे वचन देतो. वर्षानुवर्षांच्या संसाराची सवय त्या एका वाक्यात अशी उतरली आहे की, तिथे अश्रू ढाळणारे लांबलचक संवाद असते, तर प्रसंग फिका पडला असता. बासरीचेही तसेच. आरंभी कामिनला ती धड वाजवता येत नाही, पुढे ती त्याच्या घराचा आवाज होते, आणि शेवटी शोधयानातून सापडलेली तीच बासरी पिकार्ड छातीशी धरतो व खिडकीपाशी उभा राहून वाजवतो. शब्द एकही नाही. २०१९च्या महापुरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात पाणी शिरू लागले, तेव्हा आईने सर्वांत आधी आजोबांची वाजवायची पेटी माळ्यावर चढवायला लावली आणि कागदपत्रांची पिशवी त्यानंतर मागितली. पुढे जेव्हा जेव्हा हा भाग पाहिला, तेव्हा रेसिकच्या लोकांनी शोधयानात ग्रंथभांडार न ठेवता एक बासरी का ठेवली, याबद्दल मला शंका उरली नाही.

आता उणिवा. लोक नेहमी सांगतात ती अशी की, विज्ञानाच्या कसोटीवर हा भाग कच्चा आहे. कथेत कटानचा तारा नोव्हा होऊन, म्हणजे एकाएकी भडकून, ग्रह नष्ट होतो. पण नोव्हाचा स्फोट होतो तो जोडताऱ्यातल्या (एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांतल्या) श्वेत बटूवर, म्हणजे इंधन संपलेल्या लहान, दाट ताऱ्यावर, सोबत्याकडून ओढून घेतलेले द्रव्य साठत गेल्यामुळे. सूर्यासारखा एकटा तारा असा भडकत नाही. सूर्याची प्रखरता वाढण्याचा वेग अब्ज वर्षांत सुमारे दहा टक्के आहे, त्यामुळे एका माणसाच्या हयातीत ताऱ्याने ग्रह करपवून टाकावा हे पटत नाही. शिवाय ज्यांना पाऊस पाडता येत नाही आणि अवकाशात माणसे पाठवता येत नाहीत, त्यांनी परक्या जीवाच्या मेंदूत अख्खे आयुष्य उतरवणारे यंत्र कसे बनवले, याचे उत्तर कथेत नाही. तरीही या चुका मी माफ करतो, कारण कथेचा भार त्यांच्यावर नाही.

माफ करवत नाही ती गोष्ट दुसरीच. पिकार्डला कुणी विचारलेच नाही. त्याच्या संमतीविना चाळीस-एक वर्षांची माया, पत्नी, मुले आणि त्यांचा वियोग त्याच्या मनात भरला गेला. सहकाऱ्यांनी किरण तोडण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्याचा जीव जाता जाता वाचला. कटानच्या लोकांचे दुःख खरे आहे, पण ते दुसऱ्यावर लादण्याचा अधिकार त्यांना कुणी दिला, हा प्रश्न एकाही पात्राच्या मनात येत नाही. एलिन आणि मित्र बताई अखेरीस तरुण रूपात येऊन त्याचा निरोप घेतात, तो प्रसंग अतिशय हळवा आहे. पण त्या हळवेपणाखाली हा प्रश्न दडपला जातो, हेही तितकेच खरे.

पिकार्ड साकारणाऱ्या पॅट्रिक स्टुअर्टच्या अभिनयामुळे ही फट बरीचशी झाकली जाते. शुद्धीवर आल्यावर तो ज्या अनोळखी नजरेने स्वतःच्याच यानाकडे पाहतो, त्यात झालेली हानी दिसते. लेखकांनी मात्र पुढच्याच भागात त्याला नेहमीसारखा कामाला लावले. बासरीची आणि त्या आयुष्याची नीट दखल घेतली गेली ती १९९३च्या ‘लेसन्स’ या भागात, जिथे तो एका सहकारी स्त्रीला रेसिकची हकिकत सांगतो. आपण हे दोन्ही भाग लागोपाठ पाहावेत, असे मी सुचवेन, कारण पहिल्यात राहून गेलेले बोलणे थोडेफार तरी तिथे होते.