ड्यूकचा यंदाचा संघ, मागच्या वर्षीचा संघ आणि ते शेवटचे ३५ सेकंद

या वेळी तिन्ही पत्रं अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलवरचीच घेतलीत, कारण २०२५-२६ चा सीझन तोंडावर आलाय आणि पहिलं पत्र वाचल्यापासून दुसरं काही सुचतच नव्हतं.

प्रश्न : आम्ही नॉर्थ कॅरोलिनात मॉरिसव्हिलला राहतो, ड्यूक युनिव्हर्सिटी आमच्यापासून जवळच. मुलगा १४ वर्षांचा. एप्रिलमध्ये ड्यूक राष्ट्रीय स्पर्धेच्या सेमीफायनलला हरलं तेव्हा दोन दिवस धड जेवला नाही. आता ४ नोव्हेंबरला नवा सीझन सुरू होतोय तर रोज म्हणतो, आई यंदा काही खरं नाही, पाचच्या पाच गेले. मला खेळातलं फार कळत नाही पण त्याच्याशी बोलायचं तर आहे. खरंच यंदाचा संघ मागच्या वर्षीपेक्षा कमी आहे का?
— एक आई, मॉरिसव्हिल

उत्तर : ताई, मुलगा चूक बोलत नाहीये. पाचच्या पाच गेले हे खरं आहे आणि असं क्वचित होतं. मागच्या वर्षी सुरुवातीला उतरणारे पाचही जण जूनच्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगचे संघ नंबराने नवे खेळाडू निवडतात त्यात, निवडले गेले. कूपर फ्लॅग पहिल्या नंबरवर डॅलसला, कॉन कनिपल चौथ्या नंबरवर शार्लटला, खमान मलुआच दहाव्या नंबरवर, मग दुसऱ्या फेरीत सायन जेम्स आणि टायरिस प्रॉक्टर. या पाच जणांची सरासरी मिळवली तर मॅचला ६३ च्या आसपास पॉइंट होतात, त्यातले १९ एकट्या फ्लॅगचे. संघ ३५ मॅच जिंकला आणि फक्त ४ हरला. एवढं सगळं एका उन्हाळ्यात दाराबाहेर गेलं तर १४ वर्षांच्या पोराला धस्स होणारच.

पण त्याला एक विचारा, की मागच्या वर्षी याच दिवसांत संघ कसा होता? २०२४ च्या उन्हाळ्यात ड्यूकचे सात खेळाडू ट्रान्सफर घेऊन दुसऱ्या कॉलेजात गेले होते, फिलिपॉव्हस्की आणि मकेन एनबीएला गेले होते, आणि खऱ्या अर्थाने खेळलेले परत आलेले फक्त दोन, प्रॉक्टर आणि केलेब फॉस्टर. बाकी अख्खं घर नवीन. म्हणजे आपण आता ज्याला "तो जुना भारी संघ" म्हणतोय तो ऑक्टोबर २०२४ मध्ये एकमेकांची नावं पाठ करत होता. यंदा पाच जण परत आलेत: फॉस्टर, आयझेया इव्हान्स, मलिक ब्राउन, पॅट्रिक न्गोंग्बा आणि डॅरेन हॅरिस. नावं मोठी नाहीत, कबूल, इव्हान्सची सरासरी ६.८ पॉइंट, फॉस्टरची ५, न्गोंग्बाची ३.९. पण कोच जॉन शायरचा डिफेन्स कसा चालतो, कुठल्या हाकेला कुठं सरकायचं, हे त्यांना झोपेत उठवलं तरी सांगता येईल, आणि नव्या पोरांना ते शिकवायला घरातलंच कुणीतरी आहे.

आता खरा मुद्दा. दोन संघांची तुलना लोक नावासमोर नाव लिहून करतात, फ्लॅगच्या जागी कोण, कनिपलच्या जागी कोण. मला ती पद्धत पटत नाही. मी कामं लिहितो. आणि कामं कुठली हे बघायचं तर मागचा संघ जिथं मोडला तिथं जावं लागतं, म्हणजे सॅन अँटोनिओ, ५ एप्रिल, आपल्याकडे ६ तारखेची रामनवमीची सकाळ. घरात सुंठवड्याचा वास, आणि मी टीव्हीसमोर.

ह्यूस्टनविरुद्ध ड्यूक ६७-६१ ने पुढे, ३५ एक सेकंद उरलेले. ह्यूस्टनच्या शार्पने तीन पॉइंटचा बास्केट मारला, ६७-६४. ठीक आहे, होतं. मग जेम्सला फक्त लाइनबाहेरून बॉल आत द्यायचा होता, तो पास ह्यूस्टनने पळवला, त्यांचा शॉट चुकला तर टगलरने तो चुकलेला बॉल (रिबाउंड) वरच्यावर घेऊन रिंगमध्ये दाबला (डंक), ६७-६६. मग प्रॉक्टरला फ्री थ्रो मिळाला, पहिला गेला तरच दुसरा मिळणार, पहिलाच चुकला. त्या रिबाउंडला फ्लॅग ह्यूस्टनच्या रॉबर्ट्सच्या पाठीवर चढला म्हणून फाउल, रॉबर्ट्सने दोन्ही फ्री थ्रो शांतपणे टाकले, ह्यूस्टन पुढे. आठ सेकंद उरले असताना फ्लॅगने वळून शॉट घेतला, तो रिंगला लागून बाहेर. मॅच संपली ७०-६७. त्या आधीच्या दहा मिनिटांत फ्री थ्रो सोडून ड्यूकचा बास्केट फक्त एक पडला होता. आणि सात फूट दोन इंचाच्या मलुआचने अख्ख्या मॅचमध्ये एकही रिबाउंड घेतला नव्हता. हा आकडा मला अजून टोचतो.

तर कामं झाली तीन: अंगाला अंग भिडवून रिबाउंड घेणारा, दबावात बॉल सुखरूप आणणारा, आणि सगळं आटलं की कुठून तरी बास्केट काढणारा. यावर आता यंदाची पोरं लावून बघूया.

पहिल्या कामाला कॅमरॉन बूझर. उंची ६ फूट ९ इंच, वजन ११० किलोच्या पुढे, आणि हात असे की बॉल एकदा आला की चिकटला. वडील कार्लोस बूझर २००१ मध्ये ड्यूककडूनच चॅम्पियन झालेले, त्यामुळे ते कॉलेज त्याला नवीन नाही. शाळेत असताना गेटरेडचा राष्ट्रीय सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला दोनदा मिळाला, २०२३ ला आणि २०२५ ला, आणि मधल्या २०२४ ला तो कुणाला मिळाला होता माहितीये? फ्लॅगला. त्याच्या शेजारी न्गोंग्बा, ६ फूट ११ इंच. मलुआचएवढा उंच नाही, त्याच्यासारखे शॉट अडवणार नाही, पण पाय रोवून उभा राहतो आणि पास चांगला देतो. मागच्या वर्षी पायाच्या दुखण्यामुळे त्याला लय सापडायला फेब्रुवारी उजाडली. रिंगखालच्या धक्काबुक्कीत यंदाचा संघ मागच्यापेक्षा वरचढ आहे असं मी आजच म्हणतो.

दुसरं काम, बॉल आणायचं. मागच्या वर्षी ड्यूककडे असा हाडाचा पॉइंट गार्ड नव्हताच, प्रॉक्टर, जेम्स, कनिपल, फ्लॅग सगळे आळीपाळीने आणायचे आणि रोज ते मस्त चालायचं, फक्त त्या ३५ सेकंदांत चाललं नाही. यंदा कॅमरॉनचा जुळा भाऊ केडन बूझर आलाय, तो लहानपणापासून तेच करत आलाय, आणि सोबत फॉस्टर. माझा अंदाज विचाराल तर सुरुवात फॉस्टर करेल आणि केडन बेंचवरून येईल, कारण १८ वर्षांच्या पोराला पहिल्याच महिन्यात टेक्सस, कॅन्सस, आर्कन्सॉ यांच्यासमोर एकट्याला सोडणं बरं नाही.

तिसऱ्या कामाला मात्र मला खरी काळजी वाटते, आणि इथं तुमचा मुलगा बरोबर आहे. काहीच चालत नसलं की फ्लॅगला बॉल द्यायचा आणि बाजूला व्हायचं, ही सोय गेली. बूझर पॉइंट काढेल, भरपूर काढेल, पण तो ताकदीवर नि डोक्यावर खेळतो, दोन माणसांच्या डोक्यावरून हवेत लटकून शॉट घेणं हा त्याचा पिंड नाही. मग उरतो इव्हान्स. त्याची एक संध्याकाळ मुलाला परत दाखवा: ४ डिसेंबर २०२४, घरच्या कोर्टवर ऑबर्न समोर, ड्यूक सुरुवातीलाच मागे पडलेलं, हा सडपातळ पोरगा बेंचवरून उठला आणि एकाच हाफमध्ये तीन पॉइंटचे सहा बास्केट मारले, १८ पॉइंट, कॅमरॉन इंडोअर स्टेडियमचं छप्पर उडायचं बाकी होतं. प्रश्न एवढाच की हे तो दहा मिनिटं करायचा, आता तीस मिनिटं करायचंय आणि समोरचा संघ त्याच्यासाठी खास माणूस ठेवणार.

डिफेन्सचं राहिलं. मागच्या संघात पाचही जण साडेसहा फूट किंवा वर, कुणीही कुणालाही धरू शकायचा. यंदा ते काम बार्सिलोनाकडून आलेला इटलीचा डामे सार करेल, लांब हातांचा आहे, आणि लॉस एंजेलिसचा निक खामेनिया, जो अंगावर बॉल घ्यायला घाबरत नाही. आणि मलिक ब्राउन. ताई, मुलाला सांगा की एका मॅचमध्ये फक्त ब्राउनचे हात बघ, बॉल बघूच नकोस. समोरचा पास देणार त्याच्या आधी त्याची बोटं तिथं असतात. मागच्या मार्चमध्ये त्याचा खांदा पुन्हा निखळला नसता तर ह्यूस्टनची मॅच वेगळी झाली असती असं मला आजही वाटतं.

म्हणून माझं उत्तर असं, की नोव्हेंबरमध्ये हा संघ मागच्यापेक्षा थोडा कमी वाटेल, फेब्रुवारीत बरोबरीचा वाटेल, आणि एप्रिलमध्ये घट्ट, पडझड होणाऱ्या मॅचमध्ये मी मागच्यापेक्षा याच्यावर जास्त भरवसा ठेवीन. मुलाला पटलं नाही तर त्याचं म्हणणं मला कळवा, खरंच वाचेन.

प्रश्न : दादा, मी नागपूरला कॉलेज टीममध्ये आहे, तिसरं वर्ष. दुसऱ्या वर्षी सुरुवातीच्या पाचात होतो, मग बेंचवर गेलो आणि तिथंच राहिलो. केलेब फॉस्टरचं पण तसंच झालं ना? तो सोडून का नाही गेला? तिकडे तर आता कुठंही जाता येतं.
— एक खेळाडू, नागपूर

उत्तर : हो रे, अगदी तसंच झालं. पहिल्या वर्षी पायाच्या दुखापतीने सीझन मार्चमध्येच संपला, दुसऱ्या वर्षी सुरुवातीच्या पाचात उतरला, मग ती जागा जेम्सकडे गेली आणि शेवटी शेवटी त्याला मोजकी मिनिटं मिळायची. तिकडे आता एकही वर्ष न बसता कॉलेज बदलता येतं आणि असा खेळाडू हातोहात घेतला गेला असता, पैसेही बरे मिळाले असते. तरी तो थांबला. त्याच्या मनात काय होतं ते तोच जाणे, मी त्याच्या तोंडी शब्द घालणार नाही.

पण बाहेरून जे दिसतं ते सांगतो. बेंचवर बसलेला पोरगा दोन प्रकारे बसतो. एक टॉवेल गळ्यात टाकून घड्याळ बघत, आणि दुसरा पुढं वाकून, आपल्या जागेवर खेळणाऱ्याची प्रत्येक चूक नि प्रत्येक चांगली गोष्ट मनात साठवत. मार्चमध्ये जॉर्जिया टेकविरुद्ध फ्लॅगचा घोटा मुरगळला, त्याच मॅचमध्ये ब्राउनचा खांदा गेला, तरी ड्यूकने कॉन्फरन्सची (आपल्या गटातल्या कॉलेजांची) टूर्नामेंट जिंकली, ती या बेंचवरच्या पोरांना घेऊनच. म्हणून यंदाची संघाची यादी बघताना मी नव्या चकचकीत नावांच्या आधी फॉस्टरचं नाव शोधलं. तू पण उद्या प्रॅक्टिसला गेलास की तुझ्या कोचला सरळ विचार, माझं काय कमी पडतंय ते दोन गोष्टींत सांगा. आणि त्या दोनच गोष्टींवर डिसेंबरपर्यंत मर मर मेहनत कर. मला पुन्हा पत्र टाक.

प्रश्न : दरवर्षी अख्खा संघ नवा. जीव तरी कुणावर लावायचा? पूर्वी पोरं चार वर्षं राहायची. पैशाने हे सगळं बिघडवलं असं नाही वाटत?
— एक वाचक, पुणे

उत्तर : काका, अर्धं पटतं. एका वर्षात निघून जाणं हे मात्र पैशाच्या आधीपासून आहे. एनबीएने २००६ च्या ड्राफ्टपासून वयाची १९ वर्षांची अट घातली, शाळेनंतर एक वर्ष थांबा म्हणाले, तेव्हापासून चांगली पोरं एक वर्ष कॉलेज करून जातात. पैसा त्यावर चढला तो २०२१ च्या जुलैपासून, खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमवायची मुभा मिळाली तेव्हा, आणि २०२५ च्या जूनमध्ये कोर्टातल्या तडजोडीनंतर कॉलेज स्वतः खेळाडूंना पैसे देऊ शकतं, २०२५-२६ साठी सगळे खेळ मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत.

त्यामुळे कोचची झोप उडालीये हे खरं. शायरचंच बघा, वॉशिंग्टन स्टेटचा सेड्रिक कॉवर्ड ड्यूकला येतो म्हणाला, मग ड्राफ्टमध्येच थांबला आणि अकराव्या नंबरवर गेला. शेल्टन हेंडरसनने ड्यूक ठरवलं होतं, पण शायरचा असिस्टंट जय लुकस मायामीचा मुख्य कोच झाला तर तो पोरगाही तिकडेच गेला. हे दोघं असते तर वरच्या ताईंना मी इतकं लांबलचक उत्तर लिहिलंच नसतं. पण उलट बाजूही आहे. इव्हान्सला पूर्वी एनबीएच्या दारात जाऊन उभं राहावं लागलं असतं कारण घरी पैसे हवेत, आता तो आणखी एक वर्ष राहून शिकू शकतो आणि आपल्याला तो बघायला मिळतो.

जीव कुणावर लावायचा म्हणालात, तर मी ब्राउनवर लावलाय. शेवटचं वर्ष आहे त्याचं. ४ नोव्हेंबरला शार्लटमध्ये टेक्सससमोर पहिली मॅच, आपल्याकडे ५ तारखेची सकाळ. बघा आणि त्याचे हात दिसले का ते कळवा.