तिथलं 'जस्ट नाऊ' म्हणजे आत्ता नाही

दादा, तुम्ही विचारलंत की इंदूरहून जोहान्सबर्गला जायचंय, इंग्रजी चांगलं येतं, मग भाषेची काही अडचण येईल का. मी इंदूरच्याच रामबागची, इथे जोहान्सबर्गला सहा वर्षं झाली. बाकी सगळं जमतं हो, पण एक शब्द निघायच्या आधीच नीट समजून घ्या, तो म्हणजे 'जस्ट नाऊ'.

आपण जस्ट नाऊ म्हणतो ते आत्ताच्या आत्ता या अर्थानं, नाहीतर 'आत्ताच गेला' अशा अर्थानं. इथे कोणी 'आय विल डू इट जस्ट नाऊ' म्हणालं की समजायचं नंतर करणार, मग ते तासाभरानं असेल, संध्याकाळी असेल, कधीकधी राहूनही जातं. खरंच लवकर करायचं असेल तर म्हणतात 'नाऊ नाऊ'. आणि नुसतं 'नाऊ' म्हटलं तरी लगेच उठतीलच असं धरू नका.

मला हे गीझरपायी कळलं. पहिलाच जुलै, म्हणजे इथली कडाक्याची थंडी, गीझर गळायला लागला. घरमालकांना फोन केला तर म्हणाले प्लंबर जस्ट नाऊ येईल. मी बादली उपसत दारापाशीच बसून राहिले, बेल ऐकू येणार नाही म्हणून मिक्सरसुद्धा लावला नाही, आणि तो आला संध्याकाळी साडेपाचला. मी चिडले तर तो बिचारा गोंधळला, त्याच्या हिशोबानं तो वेळेवरच आला होता.

उलट्या बाजूनं झालं ते जास्त लागलं मला. ऑफिसात साहेबांनी एक शीट मागितली, मी 'जस्ट नाऊ पाठवते' म्हटलं आणि हातातलं सोडून तेच करायला बसले. त्यांना वाटलं हिला आज सवड नाही, त्यांनी काम दुसऱ्या मुलाला देऊन टाकलं, आणि मी वीस मिनिटांत पाठवली तेव्हा त्याचं अर्धं झालं होतं. तेव्हापासून मी 'राइट नाऊ' म्हणते नाहीतर सरळ वेळच सांगते, अकरा वाजेपर्यंत देते म्हणून.

यात कोणी टाळाटाळ करत नाही हे मात्र लक्षात असू द्या. हे आफ्रिकान्स या इथल्या भाषेतून आलंय, तिच्यातल्या 'नेटनोउ' या एकाच शब्दाचा अर्थ मघाशी पण होतो आणि थोड्या वेळानं पण. आपण इंदूरवाले हिंदीत 'कल' म्हणतो, तो काल की उद्या हे पुढच्या क्रियापदावरून कळतंच ना, तसंच आहे ते. म्हणून रागवायचं नाही, 'किती वाजता?' एवढं विचारायचं, कोणाला वाईट वाटत नाही.

आणि हो, आफ्रिकान्स बोलणारा कोणी 'हाफ सेवन'ला जेवायला या म्हणाला तर तेही विचारून घ्या, इंग्रजीत ते साडेसात होतं पण त्यांच्या भाषेत साडेसहा.